सत्त्याण्णवावा तास

मी काच आहे, पण माझ्यातून पलीकडचं काही दिसत नाही. कुणी माझ्यात तोंड पाहिलं नाही, कुणी माझ्यातून पाणी प्यायलं नाही. अंगठीएवढं माझं कडं, तेही पांढरट आणि खरबरीत. माझं काम एकच: एका बाजूचा वायू दुसऱ्या बाजूला जाऊ द्यायचा नाही. ते मी सत्त्याण्णव तास केलं. पुढचे तीन तास माझ्याच्यानं झाले नाहीत, त्याची ही हकीकत.

माझा जन्म १९९४ साली कुंभकोणमच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. वेदवती तिथे शिकवायची. राहायला मेलकावेरीत. घरात तंजावरी मराठी आणि उंबरठा ओलांडला की तमिळ, अशी तिची रीत. प्रयोगशाळेत कुणी नसलं की माझ्याशी मात्र घरचंच बोलायची.

वाळू, बेरियम-बोरॉनची संयुगं अशा पांढऱ्या भुकट्या तोलून तिने चौदाशे अंशांवर वितळवल्या आणि तो धगधगता रस थेट गार पाण्यात ओतला. तडतडत माझे तुकडे तुकडे झाले. चंद्रमौळी अण्णांनी ते खलात घोटून मैद्यासारखे केले. अण्णा लॅब अटेंडंट. तिरुनीलक्कुडीहून रोज बसने यायचे. वेदवतीने त्या पिठाचा लगदा केला, पोलादी नळीच्या तोंडावर ब्रशने माझं कडं ओढलं आणि वर बटणाएवढी सिरॅमिकची चकती ठेवली.

"नीट बैस हो," ती पुटपुटली. "तुझ्याआधी सहा जणी फुटल्या. मजला आता सातवी पाहवणार नाही."

नळीत हायड्रोजन, बाहेर हवा. हवेतला ऑक्सिजन चकतीतून पार होतो आणि धुराविना वीज तयार होते. याला फ्युएल सेल म्हणतात. पण हे सगळं चालतं साडेआठशे अंशांवर, आणि तिथे हायड्रोजनची हवेशी थेट गाठ पडून चालत नाही. त्या दोघांच्या मध्ये मी, म्हणजे सील. भट्टीत आधी मी मऊ झाले, पोलादाला आणि चकतीला बिलगले. मग त्या धगीत माझ्या अंगात बारीक स्फटिक उगवले आणि मी ताठ झाले. अर्धी काच, अर्धी चिनी माती.

सोमवारी सकाळी दहाला चाचणी सुरू झाली. शंभर तास टिकायचं होतं. शुक्रवारी तीनला अनुदान देणारी बाहेरगावची समिती येणार होती. मी टिकले तर काम पुढे चालणार, नाहीतर भट्टी दुसऱ्या संस्थेला जाणार. विभागप्रमुख कृष्णस्वामींनी त्या भट्टीसाठी अकरा वर्षं अर्ज केले होते. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

मीटरचा आकडा एक व्होल्टच्या जरा वर स्थिर होता. दर तासाला वेदवती तो वहीत लिही, कृष्णस्वामी वाकून बघत आणि मान डोलवत. पण बुधवारपासून मला पोलादाकडच्या कडेला काहीतरी खुपत होतं. तिथे माझी पकड सैल होत होती. सांगणार कुणाला?

शुक्रवारी साडेदहाला वीज गेली.

पंखा थांबला. भट्टी निवायला लागली. आठशे. साडेसातशे. पोलाद आकसलं, चकती आकसली, मीही आकसले. पण त्या खुपणाऱ्या कडेला आमचं जमेना. एक बारीक टच्‌ झालं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नसेल.

"येईल पाच मिनिटांत," कृष्णस्वामी म्हणाले. "वायू चालू ठेवा. हायड्रोजन तोडला की चाचणी संपली."

वेदवती बॅटरीच्या मीटरवरून नजर काढत नव्हती. "सर, आकडा खाली येतोय."

"भट्टी निवते आहे ना!"

"निवताना तो किंचित वर जायला हवा. सील गळतंय, सर."

"मीटरची बॅटरी उतरली असेल. दुसरा आणा."

अण्णांनी दुसरा मीटर आणून जोडला. त्यावरही तोच आकडा, आणि तोही उतरता. सातशे अंश. गळणारा वायू गरम हवेत तिथल्या तिथे जळत होता; माझ्या अंगावर त्याचे चटके बसत होते. पण सहाशेच्या खाली तो जळणार नाही, झाकणाखाली साचेल, आणि मग एका ठिणगीने सगळी खोली उडेल, हे तिथे तिघांनाही ठाऊक होतं. आणि भट्टीला चिकटून उभे होते ते अण्णा.

"वेदवती, तीनच तास राहिलेत हो." कृष्णस्वामींनी घड्याळाकडे बोट केलं. "अकरा वर्षं..."

सहाशे चाळीस.

"अण्णा, नळ बंद करा! हायड्रोजनचा नळ!" ती ओरडली, तीही मराठीत. इतकी वर्षं तमिळ बोलणारी ती बाई त्या क्षणी घरचंच बोलली. मराठी न कळणारे अण्णा बघतच राहिले. मग तिचा हात कुठे दाखवतोय ते त्यांनी पाहिलं आणि भट्टीमागे धावले. नळ फिरेना. त्यांनी खांद्यावरचा पंचा नळाभोवती गुंडाळला, दात आवळून पिळला. नळ फिरला. वेदवतीने नायट्रोजन सोडला. थंड, निरुपद्रवी वारा नळीतून वाहू लागला. आकडा शून्याकडे घसरला.

अकरा वाजले होते. वीज साडेअकराला आली.

तीनला समिती आली. "शंभर तास झाले?" अध्यक्षांनी विचारलं. वेदवतीने वही पुढे केली. "सत्त्याण्णव. सील फुटलं." मग कृष्णस्वामी उठून म्हणाले, "थांबवू नका असं मी सांगत होतो. हिने ऐकलं नाही. म्हणून आज आपण या खोलीत बसून बोलतो आहोत."

तरीही पुढल्या महिन्यात भट्टी गेली. कृष्णस्वामी तिच्या लाकडी खोक्यामागे फाटकापर्यंत चालत गेले.

वेदवतीने मला मधोमध कापलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पोलादाला लागून एक पिवळी रेघ होती. पोलादातला क्रोमियम आणि माझ्यातलं बेरियम यांनी मिळून केलेला तो थर. उष्णतेत तो आमच्यापेक्षा जास्त फुगतो आणि निवताना जास्त आकसतो. "हेच तुजला खुपत होतं काय गं?" ती म्हणाली. आठवीच्या वेळी तिने पोलादावर आधी पातळ लेप दिला. सुट्टीत त्या दुसऱ्या संस्थेत जाऊन तिने चाचणी घेतली. आठवी एकशे चाळीस तास टिकली. ते ऐकून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? मग बरंही वाटलं.

आज १९९९ साल आहे. माझी दोन शकलं वेदवतीच्या टेबलाच्या खणात, फिल्मच्या रिकाम्या डबीत असतात. अण्णा निवृत्त झाले. परवा नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं. तळहातावर ठेवून चष्म्यातून बराच वेळ पाहिलं.

"अम्मा, हिला टाकू नका," ते म्हणाले.

मी स्वतः असं कधी मागितलं नसतं. फुटलेली काच घरात ठेवत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण वेदवतीने डबीचं झाकण लावलं आणि वर चिकटपट्टीवर लिहिलं: 'सातवी. ठेवणे.'