पोळ्यात उभी केलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना आधी थोडं रडून घ्यावं, अशी पद्धत आहे. मला ती पाळता येणार नाही. रडायला लागणारं पाणीसुद्धा माझ्या रेडिएटरमध्ये आता टिकत नाही. शिवाय माझ्यापायी दुसरीच माणसं इतकी दमली, की रडायला आपण बसावं हे बरं दिसत नाही.

माझा जन्म विलायतेत झाला. चारचौघींना चार सिलिंडर असतात, मला आठ दिले. ज्या तरुण साहेबासाठी मला बनवलं त्याला शर्यतींचा नाद होता. चालकासमोर बसवलेल्या वेगाच्या तबकडीत शंभर मैलांपर्यंतचे आकडे होते आणि साहेब ते सगळे वापरत असे. पुढे मी बोटीनं मुंबईला आले आणि तिथून वऱ्हाडातल्या एका कापूसवाल्या साहेबाकडे. तो सत्तेचाळीस साली मायदेशी परत गेला. जाताना कुत्रा नेला, मला नाही. कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पोत्यांआड मी सहा वर्षं उभी होते. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत स्वस्त वर्षं.

मग एके दिवशी इंझोरीचे भगवंतराव आले. भगवंतराव बागायतदार. वांगी, कोथिंबीर, कांदे हा त्यांचा रोजचा व्यवहार, आणि विहिरीलगत दीडशे संत्र्यांची झाडं, पाचव्या वर्षातली, म्हणजे पहिल्या फळाच्या तोंडावर आलेली. झाडं भगवंतरावांनी लावली आणि त्यांच्या पत्नी प्रयागबाईंनी वाढवली. मोटेनं पाणी पुरेना म्हणून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं ठरलं होतं. त्यासाठी दोघांनी तीन हंगाम पैसे साठवले होते. त्या दिवशी दोघं कारंज्याला आले ते इंजिन घ्यायला.

पण भगवंतरावांना पटाचा शौक होता. शंकरपटात बैल पळवायचा ज्याला नाद लागला, त्याला वेगवान जनावर दिसलं की पाय पुढे जात नाहीत. जिनाच्या दारातून त्यांनी मला पाहिलं आणि थबकले. बॉनेट उघडून जबडा पाहावा तसं आत पाहिलं, टायरांवर थापा मारल्या, मागं जाऊन उभे राहिले. मग जिनाच्या मुनीमाच्या हातावर रुमाल टाकला आणि बैलबाजारात करतात तसा बोटांनी सौदा केला. मुनीम मुळात मला भंगारात काढणार होता. त्यानं आनंदानं बोटं धरली.

प्रयागबाईंनी एकच गोष्ट विचारली.

"इले खायाले काय लागते?"

मुनीम म्हणाला, "उभी असन तं काईच नाई लागत, बाई."

हेही खरं नव्हतं, पण तो बिचारा कापसाचा माणूस. मित्रांनो, मी फार स्वस्तात गेले. माझ्या धन्याचा सगळा घोटाळा तिथंच झाला. घेताना मोटार जितकी स्वस्त, तितकी ती पुढे आपला हिशेब सावकाश वसूल करते. इंजिनाचे निम्मे पैसे उरले होते. गेले तेवढे पुढच्या वर्षी घालू आणि इंजिनही घेऊ, असं भगवंतराव वाटेत म्हणाले. वाटेत म्हणजे बैलगाडीत. मी मागून दोराला बांधलेली होते, कारण माझी बॅटरी मेली होती.

कारंज्याचे धरमसिंग मिस्त्री मला पाहायला आले. पलटणीत त्यांनी लॉऱ्या दुरुस्त केल्या होत्या आणि माणूस सरळ होता. दोन दिवस माझ्याखाली झोपून ते बाहेर आले आणि भगवंतरावांना म्हणाले, "भाऊ, इच्या पोटात हात घातला का दोन जागी दुखनं निंगते. म्या एका जागचेच पैसे घेतो." त्यांनी तो शब्द अखेरपर्यंत पाळला, तरी ते पैसे पुष्कळ झाले.

मी एका गॅलनमध्ये आठ मैल जाते. भगवंतरावांच्या भाषेत सांगायचं तर एक गॅलन म्हणजे दोन टोपल्या वांगी. कारंज्याच्या बाजाराला जाऊन येणं म्हणजे सहा टोपल्या. मग निदान वांगी तरी माझ्यातून न्यावीत की नाही? पण पटाचा बैल वखराला जुंपायचा नसतो, हा भगवंतरावांचा नियम. त्यामुळे वांगी भाड्याच्या बंडीतून जात आणि ती विकायला भगवंतराव माझ्यातून जात. बंडी पहाटे निघे, आम्ही उन्हं वर आल्यावर. वाटेत बंडीला मागं टाकलं की भगवंतराव भोंगा वाजवत आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरे, की मला माझ्या आठही सिलिंडरांची लाज वाटे.

इंजिनात घालायचं तेल मी निम्मं जाळत असे आणि निम्मं अंगणात गाळत असे. प्लग आठ, त्यामुळे बदलताना आठ. सरकारी कर वेगळा. माझ्या मापाचे टायर अकोल्यात नव्हते, नागपुरात नव्हते. ते मुंबईहून रेल्वे पार्सलानं आले, आणि ते सोडवायला उन्हाळ्यात भगवंतरावांनी मोटेची बैलजोडी विकली. इंजिनाचे उरलेले निम्मे पैसे त्याआधीच कर आणि बॅटरीत गेले होते.

प्रयागबाईंनी त्या दिवशी दावणीचा शेण-कचरा झाडून काढला आणि रिकाम्या दावणीत भेंडीचं बी पेरलं.

त्या दिवसांत शेजारचे मारोतराव उपयोगी पडले. गावच्या पोळ्यात पहिला मान त्यांच्या जोडीचा. पोळ्याला सगळे बैल तोरणाखाली रांगेनं उभे राहतात आणि मानाची जोडी तोरण तोडून पुढे निघाली की पोळा फुटतो. हे त्यांच्या घरात सात पिढ्या चाललेलं. शेजारधर्म म्हणून ते दर तिसऱ्या दिवशी आपली जोडी भगवंतरावांच्या मोटेला देत. पैसे घेत नसत. संत्री त्यांच्या बैलांवर जगत होती.

मग पोळा आला. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा भगवंतरावांच्या दारात पोळ्याला बैल नव्हता. आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावत होते. भगवंतराव वाटी घेऊन अंगणात बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी त्यांनी ती माझ्या मडगार्डांना चोळली. त्या हातात इतकी माया होती, की मी आजवर कुणाजवळ त्याची थट्टा केलेली नाही.

भगवंतराव तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. ब्रेक लावला की मी किंचाळत असे. बंडीचं चाक कुरकुरलं की आख कोरडा पडला असं समजतात आणि वंगण घालतात. भगवंतरावांनी माझी चारही चाकं काढली आणि जिथं जिथं किंचाळण्याची जागा दिसली तिथं तिथं एरंडेल घातलं. चांगलं सढळ हातानं.

दुसऱ्या दिवशी मला बेगड लावली, घुंगरमाळ घातली आणि बैलांच्या रांगेत नेलं. लोक हसले, पण जागा दिली. भगवंतरावांनी रांगेच्या टोकाशी ब्रेक दाबला. मी किंचाळले नाही. थांबलेही नाही. पायाखाली जरा उतार होता. बैल बुजून दोन्हीकडे पांगले, डावा दिवा तोरणाच्या खांबावर फुटला आणि आंब्याच्या पानांचं तोरण माझ्या कपाळावर येऊन पडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एक-दोन जण हसायला लागले, मग त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं आणि गप्प झाले.

मारोतराव आपल्या बैलांच्या कासऱ्याला धरून उभे होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "भगवंता, बैल इकून टायर आनले, थे तुह्या घरचं. तोरन गावाचं होतं."

त्यानंतर त्यांची जोडी मोटेवर आली नाही. भांडण झालं नाही, बोलणं बंद झालं नाही. फक्त निरोप पाठवला की जोडी थकली आहे. मारोतरावांची जोडी थकली म्हटल्यावर गावातल्या बाकीच्या जोड्याही शिष्टाचारानं थकल्या.

पावसाचं पाणी होतं तोवर कळलं नाही. माघात संत्र्यांची पानं होडीसारखी वळू लागली. प्रयागबाई घागरीनं पाणी घालू लागल्या. दीडशे झाडांना घागरीनं पाणी घालणं म्हणजे काय, ते घालून पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यांच्या डोक्याची चुंबळ दुपारपर्यंत चपटी होई. फळं बोराएवढी धरली होती, ती गळू लागली. आणि त्याच आठवड्यात भगवंतरावांनी मुंबईला माझ्या डाव्या दिव्यासाठी पत्र लिहिलं. एका डोळ्याची गाडी अशुभ दिसते, असं त्यांचं म्हणणं.

पत्र टाकायला प्रयागबाईंकडे दिलं होतं. त्या ते घेऊन टपालाच्या पेटीकडे न जाता मारोतरावांच्या ओट्यावर गेल्या. हे मी स्वतः पाहिलं नाही, पण पुढे धरमसिंगांच्या आवारात मारोतराव स्वतःच सांगत होते, तेव्हा ऐकलं.

मारोतराव म्हणाले होते, "वयनी, माफी मांगाले आल्या असान तं राहू द्या. माफी कायले? तोरन काई पुन्हा बांधल्या जात नाई."

"माफी नाई मांगत, मारोतभाऊ. गाडी कारंज्याले मिस्त्र्याकडे द्याची हाये. तुमची जोडी जुपा अन् भरल्या गावातून वढत न्या. तोरनाच्या जाग्यावरून न्या. जोडी पुढं, गाडी मांगं. सारं गाव पाहीन."

मारोतरावांनी सुपारी कातरायला घेतली. "अन् भगवंता?"

"थे चाक धरून बसतीन."

"त्यानं कबूल केलं?"

"अजून इचारलं नाई," प्रयागबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी पत्र भगवंतरावांच्या समोर ठेवलं, शेजारी ओंजळभर गळलेली संत्री ठेवली आणि ठरलेलं सांगितलं. भगवंतराव रागावले नाहीत. रागवायला जोर लागतो, आणि तो त्यांनी आठ मैलाला एक गॅलन या दरानं कधीच संपवला होता. तीन दिवस ते माझ्या पायरीवर बसून होते. चौथ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले, रिकाम्या मोटेचा नाडा सोडून आणला आणि स्वतःच्या हातानं माझ्या पुढच्या आखाला बांधला.

मारोतरावांची जोडी जुंपली. वेशीशी गाव जमलं होतं. पोळ्याच्या जागेवर मारोतरावांनी बैल क्षणभर थांबवले, मानेवर थाप मारली आणि पुढे काढले. मागं मी, आणि माझ्यात ताठ बसलेले भगवंतराव. कुणी हसलं नाही. बैलांच्या चालीनं कारंजा गाठायला सबंध दिवस लागला. मित्रांनो, शंभराच्या आकड्यापर्यंत धावलेली मी, पण तेवढा आरामाचा प्रवास माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. एक थेंब जळला नाही. वाटेत एका बाभळीखाली मारोतरावांनी भाकरीचं गाठोडं सोडलं आणि अर्धी भाकर भगवंतरावांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून जोडी मोटेवर गेली. दीडशेपैकी नव्वद झाडं जगली. बाकीची सरपणाला गेली. धरमसिंगांनी माझे जे पैसे दिले त्यांत एक बैल आला, तोही वयस्क. दुसरा अजून यायचा आहे.

आता मी धरमसिंगांच्या आवारात आहे. माझे प्लग दुसऱ्यांच्या लॉऱ्यांत गेले, टायर एका ट्रेलरला लागले, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. वस्तू जपा, असं सांगून अशी आत्मवृत्तं संपवतात. मी कोणत्या तोंडानं सांगू? मला जपण्यात काहीच कमी केलं नव्हतं. पण आठवड्याला एखादा तरी गृहस्थ आवारात येतो, लॉरीचं काम बाजूला ठेवून माझ्याजवळ थांबतो, बॉनेटवरून हात फिरवतो आणि धरमसिंगांना हळूच विचारतो, "मिस्त्री, ही सुरू होईन काय?" मित्रांनो, असा माणूस तुम्हांला दिसला तर माझ्यावर एवढी कृपा करा. त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा हात धरा आणि त्याला घरी नेऊन सोडा.