मामाचा रोलर

बेबीच्या लॉन्ड्रीत सात माणसं कामाला होती आणि तिची स्वतःची मुलगी कॉलेजात जात होती, तरी मामा तिला बेबीच म्हणायचा. तो सगळ्यांसमोर तशी हाक मारायचा, त्यामुळे कामगारही तिला बेबीताई म्हणू लागले आणि तेच नाव पक्कं झालं.

लॉन्ड्री म्हणजे एक लांबोडका हॉल. एका टोकाला धुलाईची यंत्रं, दुसऱ्या टोकाला घड्या घालायची टेबलं आणि मधोमध रोलर. आडव्या ठेवलेल्या पिंपासारखा तो लोखंडी रोलर आतून तापायचा. एका बाजूनं ओली चादर आत सरकवली की दुसऱ्या बाजूनं ती कोरडी, कडक, इस्त्री होऊन बाहेर यायची. बेबीकडे शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं काम होतं. तिथल्या खाटांना रोज सकाळी स्वच्छ चादर लागायची आणि चादर का आली नाही याची कारणं ऐकायला तिथं कुणाला वेळ नव्हता. रोलर बंद, तर लॉन्ड्री बंद.

हा रोलर मामाचा होता. त्यानं जन्मभर लॉन्ड्री चालवली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा जागा सोडली, बाकीचं सामान विकून टाकलं, पण रोलर विकायला त्याचा हात धजेना. तो त्यानं भाचीला पाच वर्षांसाठी भाड्यानं दिला. "मामा-भाचीत कागद कशाला?" असं तो म्हणाला होता. पण बेबीचा नवरा, जो लॉन्ड्रीची गाडी चालवायचा, तो म्हणाला, "कागद भांडणासाठी नसतो, भांडण होऊ नये म्हणून असतो." मग शेजारच्या इमारतीतल्या वकीलबाईंकडून करार लिहून घेतला. मामानं न वाचताच सही ठोकली.

दोन वर्षं सुरळीत गेली. एका दुपारी मामाचा फोन आला.

"बेबी, रोलरचं आता माझ्याच्यानं होणार नाही. जावयानं गिऱ्हाईक बघितलंय. तू तुझी सोय बघ."

"सोय बघ म्हणजे? मामा, अजून तीन वर्षं आहेत."

"मी सांगायचं ते सांगितलं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बेबीनं लगेच उलट फोन लावला. मामीनं उचलला आणि आवाज खाली करत म्हणाली, "ते झोपलेत गं." मामा दुपारी कधीच झोपायचा नाही, हे दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही तो झोपलेलाच होता.

"सरळ उठून घरी जा की त्यांच्या," नवरा म्हणाला. "मामाच आहे, वाघ नाही."

"गेले तर मी रडेन. मी रडले की तो हो म्हणेल. आणि पुढच्या वर्षी जावयानं दुसरं गिऱ्हाईक आणलं की पुन्हा हेच. दर वेळी किती रडू?"

नवरा चादरींची गाठोडी गाडीत भरायला निघून गेला.

संध्याकाळी बेबी वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि मामा नेमकं काय बोलला ते तिला दोनदा सांगायला लावलं.

"यात दोन शक्यता आहेत," त्या म्हणाल्या. "मुदत संपायच्या आधीच एखाद्यानं 'मी करार पाळणार नाही' असं स्वच्छ सांगितलं, तर तुम्ही थोडे दिवस त्याची वाट बघू शकता, किंवा करार मोडला असं धरून दुसरीकडून यंत्र आणू शकता. पण तुमचे मामा स्वच्छ बोललेले नाहीत. 'माझ्याच्यानं होणार नाही' हा नकार आहे की वैताग?"

"तेच तर मला कळत नाही."

"मग विचारा. मात्र लेखी विचारा. तुमच्या बोलण्यावरून मला शंका आलीय, तुम्ही करार पाळणार आहात का, तशी खात्री द्या, असं. कायद्यानं तुम्हाला ते विचारता येतं. वाजवी मुदत द्यायची. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर तो नकारच समजायचा."

"आणि नंतर त्यानं शब्द फिरवला तर?"

"तुम्ही दुसरीकडे सही करून बांधल्या जायच्या आत फिरवला, तर फिरवू द्यावा लागेल. करार होता तसा चालू. तुम्ही बांधल्या गेलात, की मग त्यांना मागे येता येत नाही."

बेबीनं पत्र पाठवलं. 'प्रिय मामा' लिहायचं की 'महोदय' यावर ती बराच वेळ अडली होती. वकीलबाईंनी 'महोदय' लिहिलं आणि बेबीनं ते खोडलं नाही.

पत्र पोचल्याची पावती आली. उत्तर आलं नाही. मामीचा मात्र चोरून फोन आला. "काय गं हे? पोस्टमननं सही घेतली तेव्हापासून जेवताना बोलत नाहीत. 'भाचीनं मला महोदय म्हटलं' एवढंच म्हणतात."

"मामी, त्याला म्हणावं एक ओळ लिही. हो किंवा नाही."

"ते मी त्यांना सांगू? तू येऊन सांग."

बेबी गेली नाही. रात्री तिला झोप लागायची नाही, पण सकाळी हॉस्पिटलच्या चादरी मोजताना ती मामाचा विचार बाजूला ठेवू शकायची, आणि त्या बाजूला ठेवण्याचीच तिला लाज वाटायची. लहानपणी तिला सायकल मामानं शिकवली होती. ओला कपडा हातात घेऊन तो किती ओला आहे हे सांगायला त्यानंच शिकवलं होतं.

मुदत संपली. तिनं दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीशी बोलणं केलं. भाडं जास्त होतं, पण यंत्र नवं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, एकच नग शिल्लक आहे, तुम्ही सही केली तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही सांगतो. बेबीनं सही केली. मामालाही दोन ओळींत कळवलं, की उत्तर न आल्यामुळे मी दुसरी सोय केली आहे. या वेळी तिनं 'प्रिय मामा' असं लिहिलं.

ते पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा स्वतः लॉन्ड्रीत आला. रोलर इथं बसवल्यापासून तो एकदाही आत आला नव्हता. काठी टेकत तो थेट रोलरपाशी गेला, बाजूच्या स्टुलावर बसला आणि बाहेर येणाऱ्या चादरीकडे बघत राहिला. कामगार एकमेकांकडे बघू लागले. बेबीनं त्यांना चहाला पाठवलं.

"गिऱ्हाईक गेलं," मामा म्हणाला. "जावयाचा दोस्त होता. बोलण्यात शूर. रोलर राहू दे इथंच."

"मामा, मी दुसरीकडे सही केली."

"मग मोड. रद्द करता येतं."

"त्यांनी मशीन माझ्यासाठी अडवून ठेवलंय. दुसऱ्याला नाही म्हणालेत. तू माझ्याशी जे केलंस, ते मी त्यांच्याशी करू?"

मामानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी कुठं काय केलं? मी रागानं बोललो. माणूस रागानं बोलत नाही?"

"बोलतो. म्हणून तर मी विचारलं. लेखी विचारलं, थांबले. तू एक ओळ लिहिली नाहीस."

"मला वाटलं तू येशील." हे तो इतक्या हळू बोलला, की रोलरच्या आवाजात बेबीला पुढे वाकावं लागलं. "दोन वर्षं झाली. रोलर नेलास आणि एकदा फोन करून विचारलं नाहीस, की मामा, हा असा आवाज का करतो, ह्याला तेल कुठलं घालू. मेकॅनिकला बोलावलंस. मला कळलं ते. मी काय मेलो होतो?"

बेबीला याची कल्पनाच नव्हती. त्याचे गुडघे दुखतात, त्याला कशाला त्रास द्यायचा, असं ती समजून चालली होती. ती तसं म्हणाली. मामा म्हणाला, "गुडघे दुखतात. कान शाबूत आहेत."

बेबीनं डोळे पुसले. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण निर्णय होऊन गेल्यावर रडायला हरकत नव्हती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी यायला हवं होतं. पण सही मोडणार नाही."

"वकीलबाई म्हणाली असेल, जास्तीचं भाडं माझ्याकडून वसूल करता येतं म्हणून."

"म्हणाली."

"मग?"

"ते मी मागणार नाही. पण नवीन मशीन येईपर्यंत तुझा रोलर इथून हलायचा नाही. ते मागणार, आणि ते तुला द्यावं लागेल. हॉस्पिटलचं काम एक दिवस बंद पडलं तर मला बाहेर काढतील."

मामानं मान हलवली. उठताना म्हणाला, "डावीकडचं बेअरिंग गेलंय. तुझ्या मेकॅनिकला ऐकू येत नसेल."

नवीन यंत्र यायला तीन आठवडे होते. ते तीन आठवडे मामा रोज यायचा. रोलर माझा आहे, मी बघायला येणार, असं त्यानं जाहीर केलं होतं. बघायला यायचा आणि टेबलापाशी बसून उशांचे अभ्रे घडी करायचा. घडी घालण्यावरून त्याचं एका बाईशी रोज वाजायचं. ती म्हणायची तीन घड्या, हा म्हणायचा चार. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच टेबलावर डबा खायची. बेबी मधूनच येऊन त्याला काहीतरी विचारायची. कधी खरोखर अडलेलं असायचं, कधी नसायचं. त्याला फरक कळायचा, पण तो उत्तर द्यायचा.

बेबीला वाटत होतं, नवीन यंत्र आलं तरी तो येत राहील. तिनं तसं विचारूनही पाहिलं. मामा म्हणाला, "माझा रोलर इथं नाही तर मी इथं काय करू?"

रोलर उचलायच्या दिवशी जावई ट्रक घेऊन आला. त्याच्या मते रोलर भंगारवाल्याकडे जायचा होता. मामा ट्रकमध्ये पुढे बसला आणि ड्रायव्हरला त्यानं वेगळाच पत्ता सांगितला. बस डेपोमागं एक गाळा त्यानं आठवडाभर आधीच भाड्यानं घेऊन ठेवला होता. मामीलाही माहीत नव्हतं. जावई पुढचे कितीतरी दिवस "या वयात?" एवढंच म्हणत होता. घड्यांवरून भांडणारी ती बाईही महिनाअखेरीस बेबीची नोकरी सोडून तिकडे गेली.

नवीन यंत्र चांगलं निघालं. आवाज कमी करतं, चादरी जास्त घेतं. भाडं देताना बेबीला दर महिन्याला टोचतं, पण हॉस्पिटलनं तिला आणखी एका मजल्याचं काम दिलं, त्यामुळे घडी बसली. वकीलबाईंनी मामाविरुद्ध काही करायचं का असं एकदा विचारलं. ती नाही म्हणाली, आणि त्यांनी फाईल बंद केली.

मामाच्या गाळ्यात तिघंजण काम करतात. तो स्वतः खुर्चीत बसून रोलरचा आवाज ऐकतो. मामी सांगते, घरात आता दिवसभर शांतता असते, जेवायला येतात तेव्हा भूक लागलेली असते. मामा-भाची फोनवर बोलतात ते बहुतेक साबणाच्या भावाबद्दल. मध्यंतरी बेबीकडच्या एका गेस्ट हाऊसच्या चादरी त्यानं भाव पाडून आपल्याकडे ओढल्या. तिनं जाब विचारला, तर म्हणाला, तुझा त्यांच्याशी करार होता का? करार नव्हता. बेबीला त्याचा अजून राग आहे. काम लहान होतं, पण पैसे वेळेवर यायचे.