मीटरमधली पेनी

विल्फ ऑग्डेनने गॅसच्या मीटरचा गल्ला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला आणि पेन्यांचा ढीग खडखडत पसरला. नेली शॉक्रॉसने नेहमीसारखं वर्तमानपत्र आधीच अंथरून ठेवलं होतं. समोरची खुर्ची मात्र रिकामी होती. तिचा नवरा, एनॉक, ऑक्टोबरात गेला होता.

"कोट राहू दे अंगात, विल्फ," ती म्हणाली. "दिवसा मी शेगडी पेटवत नाही."

दर तीन महिन्यांनी विल्फ गॅस कंपनीकडून यायचा, पेनी टाकली की तेवढाच गॅस सोडणारा जिन्याखालचा मीटर उघडायचा, पेन्या मोजायचा आणि गॅसच्या हिशेबापेक्षा जादा पडलेल्या घरच्यांना परत द्यायचा. एकोणीस वर्षं झाली. एकेका शिलिंगाच्या, बाराबाराच्या चवडी रचताना त्याची बोटं बघत राहावीत! एका हाताने रचायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने साल चाचपायचं. राणीची पेनी कुठली, तिच्या बापाची कुठली, आज्याची कुठली, हे तो नुसत्या झिजेवरून सांगे. एखादी दुर्मीळ सापडली की खिशातली आपली पेनी गल्ल्यात टाकून ती उचलायची. पेनीला पेनी, हिशेब चोख. कंपनीची त्याला ना नव्हती. गिऱ्हाइकाकडून फुकट मात्र काही घ्यायचं नाही, नाताळातला केकचा तुकडासुद्धा नाही. बाकीचे घेत. विल्फने कधी घेतला नाही.

त्याच्या घरी एक पुठ्ठा होता, दर सालाच्या, दर प्रकारच्या पेनीसाठी एकेक भोक पाडलेला. सगळी भोकं भरली होती, एक सोडून. एकोणीसशे एकोणीस सालची, सालाला खेटून के आणि एन अशी टांकसाळीची दोन बारीक अक्षरं असलेली पेनी काही त्याला सापडत नव्हती. आणि येत्या फेब्रुवारीत नवी नाणी येणार होती. मग जुन्या पेन्या बँकेत, आणि तिथून भट्टीत. डिसेंबर तर अर्धा सरलाच होता.

ती पेनी एनॉककडे होती. बसच्या सुट्ट्या पैशांत मिळालेली. दर खेपेला तो ती तंबाखूच्या डबीतून काढून विल्फच्या नाकासमोर नाचवायचा.

"बघून घे लेका, बघायला पैसे पडत नाहीत."

"पाच पौंड देतो, एनॉक."

"पन्नास दे! मी मेल्याशिवाय ती तुला मिळायची नाही."

मग दोघं पोट धरून हसायचे, आणि एनॉकला खोकल्याची उबळ यायची.

सहावी चवड रचताना विल्फचा अंगठा थबकला. त्याने पेनी खिडकीकडे धरली. के. एन. कडेला डबीच्या झाकणाने पडलेला तो ओरखडाही होता. डावा हात आपसूक खिशात गेला, आपली पेनी चाचपली. एवढंच तर करायचं होतं.

त्याने नेलीकडे पाहिलं. दोन स्वेटर, त्यावर शाल. बिचारीने एखाद्या थंडीच्या रात्री हाताला लागेल ते मीटरमध्ये टाकलं असणार, डबीसुद्धा रिकामी केली असणार. विल्फला स्वतःची लाज वाटली. त्याने खिशातला हात बाहेर काढला, मोजणी संपवली आणि रिकामा गल्ला मीटरमध्ये बसवून, कुलूप लावून तो टेबलाशी परत आला.

"सात शिलिंग चार पेन्स तुमचे परत, बाई." ती पेनी त्याने सगळ्यांत वर ठेवली. "ही एनॉकची. चुकून गेली मीटरमध्ये. जपून ठेवा, नाण्यांचा दुकानदार चांगले पैसे देईल."

नेलीने पेनी उचलली. विल्फकडे एकदा नीट पाहिलं, आणि उठून ती जिन्याखाली गेली. खट आवाज झाला. पेनी रिकाम्या गल्ल्यात पडली होती.

"अहो बाई, काय केलंत हे!"

"किल्ली तुझ्याच हातात आहे ना? उघड."

"पण ती एनॉकची..."

"आज सकाळी टाकली होती मी, मुद्दाम. तुझ्या हातावर ठेवली असती, तर घेतली असतीस?"

विल्फने नकारार्थी मान हलवली.

"बघ, ठाऊक होतं मला! केकला हात न लावणारा माणूस तू." नेलीने शालीच्या टोकाने डोळे पुसले. "शेवटच्या आठवड्यात एनॉक मला म्हणाला, 'नेली, विल्फला मी शब्द दिलाय.' मी म्हटलं, 'अरे वेड्या, ती थट्टा होती.' तर म्हणाला, 'थट्टेत दिला म्हणून काय झालं, शब्द तो शब्द.'"

विल्फ जिन्याखाली गुडघ्यांवर बसला. किल्ली दोनदा हुकली. गल्ल्यात ती एकच पेनी होती. त्याने ती उचलली आणि तिच्या जागी खिशातली आपली ठेवली.

"पेनीला पेनी," तो पुटपुटला.

"झालं ना? आता इकडे ये. त्या पेनीचा गॅस मीटरमध्ये भरलाय, तो काय वाया घालवायचा?"

तिने काडी ओढली. शेगडी भक्कन पेटली. एनॉकची खुर्ची तिने शेगडीजवळ ओढली, किटली ठेवली, आणि केकचा एक जाडसर तुकडा बशीत घालून विल्फच्या पुढे सरकवला.

विल्फने कोट काढला, त्या खुर्चीत बसला आणि केक खाल्ला.