कोरी वर्षं

उस्तादनं खुर्चीच्या सांगाड्यावर कापड ताणून धरलं, ओठांत धरलेल्या बारीक खिळ्यांतला एक काढला आणि ठोकला. खुर्च्या मढवणाऱ्याचं हे एक बरं असतं. तोंडात खिळे असले की कुणी उत्तराची वाट बघत नाही.

शेजारचा घड्याळवाला मात्र स्टूल ओढून वाट बघत बसला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याचं हेच. विषयही एकच, टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेली ती अंतराळयानाची मालिका. दोघंही तिच्यापायी वेडे. मालिकेत कप्तानीणबाईचं यान एकदा गायब होतं आणि काही वर्षांनी जसंच्या तसं परत येतं. मधे काय झालं, ते आजवर कुणी दाखवलेलं नाही. चाहते त्याला कोरी वर्षं म्हणतात आणि त्यावरून एकमेकांची डोकी फोडतात.

"कैदेतच होते ते," घड्याळवाला म्हणाला. "परत आल्यावर यानाच्या पत्र्यावर ओरखडा आहे बघा. डाव्या अंगाला."

उस्तादनं खिळे हातावर काढले. "तो रंगाऱ्याचा गाढवपणा. तुला घड्याळाचं भिंग लावून टीव्ही बघायला कुणी सांगितलं?"

कोपऱ्यात मशीनवर उस्तादची बायको खोळ शिवत होती. ती हसली, पण मान वर केली नाही.

तीही एकदा गेली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा. भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी गेली आणि वर्ष उलटल्यावर पिशवी घेऊन दारात उभी राहिली. उस्तादनं दार उघडलं, "जेवलीस का?" म्हणाला आणि ताट वाढलं. बस्स. त्यानंतर आजतागायत एका शब्दानं विचारलं नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, नशीब काढलंस गं, असला देवमाणूस शोधून सापडायचा नाही. आता देवमाणसाशी भांडायचं तरी कसं? ती शिवत राहिली. शिवता शिवता केस पांढरे झाले. घड्याळवाला गल्लीत नवा. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मिटला आपला वाद," तो म्हणाला. "नव्या भागांत सगळं उलगडणार म्हणे."

"कशाला?" उस्तादचा आवाज चढला. "परत आले ना सगळे? झालं तर. उकरत कशाला बसायचं?"

मशीन थांबलं.

"मी सांगू?" बायको म्हणाली.

दोघं वळले. या गप्पांत ती कधी पडायची नाही.

"बोला की वहिनी!"

"कैदबिद काही नव्हती. कप्तानीण लांब एका ठिकाणी राहत होती. खोली लहान. खिडकी रस्त्यावर. खाली लाँड्री होती, तिथं दिवसभर इस्त्री करायची. संध्याकाळी खिडकीत बसून एकटी जेवायची. कुणी वाईट वागलं नाही, कुणी लाडही केले नाहीत. झोप मात्र छान लागायची."

घड्याळवाल्यानं डोकं खाजवलं. "कप्तानीण इस्त्री करायची? अन् बाकीची माणसं?"

"बाकी कुणी नव्हतंच."

उस्तादनं हातोडी खाली ठेवली. "मग परत का आली?"

"तिला वाटलं, कुणीतरी विचारील, कुठं होतीस? आदळआपट करील. मग ती सगळं सांगेल, आणि मग ठरेल, राहायचं का जायचं." तिनं दोरा तोडला. "कुणी विचारलंच नाही. ताट वाढलं. मग जाताही येईना."

"हे कुठल्या भागात दाखवलंय?" घड्याळवाला चक्रावला. "माझ्या नजरेतून सुटलं कसं?"

"तुझ्याकडं गिऱ्हाईक आलंय," उस्ताद म्हणाला.

"कुठंय?"

"येईल. जा तू."

घड्याळवाला गेला. उस्तादनं अर्धवट मढवलेली खुर्ची मशीनजवळ ओढली आणि तिच्यावर बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, हा दुकानातला नियम त्याचाच. गुडघे चोळत त्यानं विचारलं,

"त्या खिडकीतून काय दिसायचं?"

इतकी वर्षं तिनं सगळं तयार ठेवलं होतं, एकेक वाक्य. तिनं तोंड उघडलं. खोली आठवली, इस्त्रीचा वास आठवला, पण खिडकीतून काय दिसायचं ते काही केल्या आठवेना.

"थांबा जरा," ती म्हणाली.

तो थांबला.