कानशीला भ्यालेली पायपेटी

मित्रांनो, भित्री म्हणा हवं तर, पण मी एक जुनी पायपेटी आहे आणि मला धातू खरवडणाऱ्या कानशीची फार भीती वाटते.

सागवानी अंग, पोटात पितळी पट्ट्यांचे सूर आणि खाली दोन फळ्या. पायांनी भाता चालवायचा, दोन्ही हात वाजवायला मोकळे! तरुणपणी मी एका नाटक मंडळीत होते. पुढे मंडळी मोडली आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या निंगप्पांनी मला घरी आणलं. पेट्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि माझ्यावर त्यांचा भारी जीव. पण त्यांच्याआधी एका उतावळ्या कारागिरानं माझ्या ‘काळी एक’ या सुराची पट्टी कानशीनं नको तेवढी खरवडली होती. गेलेलं पितळ परत येतं होय? तो सूर कायमचा बिघडला. खंडेनवमीला निंगप्पा अवजारांची पूजा करत, तेव्हा झेंडूचं एक फूल मला आणि एक शेजारच्या कानशीला. मी आपली अंग चोरून उभी.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ऑर्केस्ट्रावाले मानसिंगराव एक विलायती तबकडी घेऊन आले. त्या गाण्यात गिटारीमागे ऑर्गन वाजत होता आणि त्याचा आवाज नुसता थरथरत होता.

"निंगप्पा, परवा सात रस्ता चौकात कार्यक्रम हाय. तुमच्या पायपेटीतनं डिट्टो असाच आवाज पायजे. जमंल न्हवं?"

"जमवतो की," निंगप्पा बोलून बसले.

झालं! तबकडी दहा वेळा ऐकून ते बायकोला, चंद्रव्वांना म्हणाले, "आपल्या पायपेटीत एका सुराला दोन पट्ट्या हायत. त्यातली एकेक जरा खरवडली, की दोघींचे सूर जरासे चुकतील आन् आवाज थरथरंल."

एकेक म्हणजे सगळ्या सुरांची!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या पाठीची फळी काढली आणि कानस घेऊन मागे बसले. मी ओरडणार तरी कशी? कोणी भाता मारल्याशिवाय मला आवाजच नाही. तेवढ्यात कानशीचं गार टोक पट्टीला लागलं. मेले, मेले, असं वाटलं.

"अवो, घामानं निथळताय की! हात घसरला म्हंजे?" असं म्हणत चंद्रव्वांनी टेबलफॅन आणून माझ्या पाठीमागे, मी आणि निंगप्पा यांच्या मध्ये लावला.

"बरं केलंस. आता पुढं बस आन् पांढरी एक दाबून धर. खरवडायच्या आधी एकदा ऐकतो."

चंद्रव्वांनी भाता मारला. माझा सूर पाठीतून निघाला, फिरत्या पात्यांतून गेला आणि थरथरला.

"थांब! सोडू नगंस!" निंगप्पांनी पंखा बंद केला. सूर सरळ. पुन्हा लावला. सूर थरथरला. हुबेहूब तबकडीतला! त्यांनी कानस खाली ठेवली आणि "सुटलो बाबा! पट्ट्या वाचल्या," म्हणत कपाळ पुसलं. म्हणजे भ्यालेली मी एकटी नव्हते.

कार्यक्रमात माझ्यामागे तोच पंखा होता. लोक म्हणाले, "लई भारी थरथरतोय की आवाज!" त्यांना काय माहीत, त्यातली निम्मी थरथर माझ्या भीतीची होती!

आता निंगप्पा थकले आहेत. पेट्या दुरुस्त करायला नवे हात येतील. मित्रांनो, ते हात तुमचे असतील, तर एवढंच करा. कानस उचलण्याआधी एकदा भाता मारा आणि मला बोलू द्या.