दोरीवरचे एक्स

विमलचं एक लक्ष कायम दाराकडे असे. घर आणि छापखाना यांच्यामध्ये एकच दार. तिच्या हट्टापायी नवऱ्यानं, नारायणरावांनी, त्या उंबऱ्यावर गुडघाभर उंचीची फळी ठोकून दिली होती. लेक शकुन अकरा महिन्यांची, रांगणारी, हाती लागेल ते तोंडात घालणारी. आणि छापखान्यात हाती लागण्यासारखं जे काही होतं ते सगळं शिशाचं. एकदा नारायणरावांच्या सदऱ्याच्या खिशातून छपाईच्या अक्षराचा एक खिळा अंथरुणात पडला, तर विमलनं सगळी गादी उसवायला काढली होती.

अकोल्याच्या त्या छापखान्यात लग्नपत्रिका, कापसाच्या जिनिंगच्या पावत्या आणि निवडणूक आली की हँडबिलं, एवढंच छापलं जाई. १९६१ साली पहिल्यांदा पुस्तक चालून आलं. अमरावतीच्या खुशालराव मास्तरांचं मॅट्रिकच्या पोरांसाठी बीजगणित. मास्तरांचं म्हणणं असं, की पोरगं कॉलेजात गेलं की त्याला 'क्ष' विसरावा लागतो, तर मग आधीपासूनच इंग्रजी एक्स का घालू नये? पुस्तक मराठी, आकडे मराठी आणि अक्षरं इंग्रजी. तिकडच्या छापखान्यांनी हात जोडले. नारायणरावांनी मात्र हो म्हटलं आणि पुण्याहून गणिताचा नवा टाईप मागवला. अट एकच होती. शनिवारी सकाळी मास्तर पहिल्या आठ पानांचं प्रूफ बघणार. स्वच्छ निघालं तर पुस्तक यांचं, नाही तर नागपूरचं.

"आणि नागपूरला गेलं तर त्या टाईपाचं काय करायचं?" विमलनं विचारलं होतं.

"लग्नपत्रिका छापू. चिरंजीव एक्स आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी वाय," नारायणराव म्हणाले. पण त्यांना रात्री झोप लागली नाही, हे तिनं पाहिलं होतं.

विमल अमरावतीहून गणित घेऊन बी. एस्सी. झालेली. पदवीची गुंडाळी ट्रंकेत साड्यांखाली होती. टाईप आला तेव्हा तिनं फळीच्या अलीकडूनच मास्तरांच्या त्या आठ पानांचं हस्तलिखित चाळलं, कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजलं आणि जुळारी बुधाजींना सांगितलं, "एक्स आणि बरोबरचं चिन्ह हाताजवळच्या मोठ्या खणात टाका. झेड टाका कोपऱ्यात, त्याला कोणी विचारत नाही."

बुधाजी तीस वर्षं खिळे जुळवत होते. चौथी शिकलेले, पण बोटं अशी, की डोळे मिटून 'अध्यक्ष' जुळवावा. "वैनी, तुमी तं घरात बसून खिळ्यायची केस लावली," ते खूश होऊन म्हणाले आणि कामाला लागले.

बुधवारी नारायणराव कागद बघायला नागपूरला गेले. शनिवारी संध्याकाळी परतणार होते. गुरुवारी सकाळी बुधाजींनी आठ पानांचं ओलं प्रूफ फळीवरून विमलच्या हाती दिलं, पोरीचं लग्न जमवून आल्यासारख्या चेहऱ्यानं.

विमलनं पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. मग भराभर उरलेली सहा.

सगळे एक्स वर टांगलेले होते. मराठी अक्षरं जशी शिरोरेघेला लोंबतात, तसे तेही ओळीच्या वरच्या अंगाला डोकं लावून, दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांसारखे. नवे खिळे आपल्या टाईपापेक्षा अंगानं बुटके. ओळीत बसवायचे तर त्यांच्या डोक्यावर नाही तर पायाखाली शिशाची बारीक पट्टी भरावी लागे. बुधाजींनी प्रत्येकाच्या पायाखाली पट्टी घालून त्याला रेघेपर्यंत उचललं होतं.

"बुधाजीभाऊ, हे वर का नेलेत?"

"वर नाई तं काय? तीस वर्सं झाले वैनी, अक्षर रेघेले टेकलं नाई असं माह्या हातून कधी झालं नाई."

"इंग्रजी अक्षर टांगत नाहीत. ते जमिनीवर उभं राहतं."

"कोन पायते एवढं?"

"मास्तर पाहतील." विमलनं बोट ठेवलं. "हा दोन, शेजारी एक्स. एक्स म्हणजे तीन धरा. तो जमिनीवर उभा असेल तर दोन त्रिक सहा. असा वर चढला तर दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ."

बुधाजींनी चष्मा कपाळावर नेला. "खिळे तेच, अन् उत्तर दुसरं?"

"जागा बदलली की किंमत बदलते."

"म्हंजे मानसावानीच झालं. ओट्यावर बसला तं पाटील, खाली बसला तं गडी." ते थोडं हसले, मग त्यांचं हसू मावळलं. "पन मंग आठही पानं...?"

"आठही. चारशे बारा ठिकाणी आहे."

एकट्या बुधाजींना शनिवारपर्यंत ते होणं नव्हतं. दुसरा जुळारी अकोल्यात मोकळा नव्हता. हे विमलला समजत होतं, आणि बुधाजी फळीकडे का बघताहेत तेही समजत होतं. शकुन झाल्यापासून तिनं शिशाला बोट लावलं नव्हतं. तिनं पदर खोचला.

"मैनाबाईंना बोलवता का?"

बुधाजींची बायको मैनाबाई तासाभरात आली. विमलनं तिच्या हाती कागद दिला: दूध किती वाजता, पाणी उकळून, जमिनीवर ठेवायचं नाही, अशा तेरा ओळी.

"हे वाचून कोन दाखवीन? शकुन?" मैनाबाईनं कागद परत केला. "मायबाई, मले पाच लेकरं झाले. एकानंही लेखी मांगतलं नाई." आणि ती शकुनला कडेवर घेऊन घराच्या मागच्या अंगणात गेली.

विमलनं पहिल्यांदा फळी ओलांडली. पहिल्या ओळीतली पट्टी पायाखालून काढून एक्सच्या डोक्यावर घातली, ओळीवर शाई फिरवून छाप घेतला. आता एक्स उकारांच्या पंगतीत जाऊन बसला होता.

"विहिरीत पडला हा तं," बुधाजी म्हणाले.

"मग अर्धी वर, अर्धी खाली. आहेत का तेवढ्या पातळ पट्ट्या?"

होत्या. या वेळी एक्स मराठी अक्षरांच्या पायाशी पाय लावून सरळ उभा राहिला आणि वर्गाचा बारीक दोन त्याच्या खांद्यावर नीट बसला. बुधाजींनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा पाहिली.

"मले वाटे हे वाकडं दिसन," ते म्हणाले. "दिसत तं नाई."

मग चारशे बारा. ती चिमट्यानं जुन्या पट्ट्या काढी, ते नव्या भरत. दर थोड्या वेळानं विमल उठे, सोडा आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासे, अंगणात डोकावे आणि परत येई. एकट्या शुक्रवारी दुपारपर्यंत असं सात वेळा झालं.

"वैनी, तुमी हात धुता तेवढ्यात मी अर्धं पान करतो," बुधाजी म्हणाले. "लेकराले काई झालं असतं तं मैनीनं गाव गोया केलं असतं. तिचा आवाज तुमाले मालूम नाई."

विमल बसली. सहावं पान झालं, सातवं झालं. तिला आता ओळ उलटी वाचता येऊ लागली होती, आणि आवडूही लागली होती. दारात कोणी उभं आहे असं वाटून तिनं मान वर केली, तर मैनाबाई, खांद्यावर झोपलेली शकुन.

"कितवं पान?" मैनाबाईनं कुजबुजत विचारलं.

"आठवं," विमल म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की उन्हं उतरली होती आणि ती जेवणानंतर एकदाही उठली नव्हती.

शनिवारी खुशालराव मास्तर अमरावतीहून बडनेरामार्गे सकाळच्याच गाडीनं आले. उंच, टोपी तिरकी, खिशात लाल पेन्सिल. चहा नको म्हणाले. प्रूफ घेऊन खिडकीशी बसले आणि पानं उलटू लागले. बुधाजी खिळे जुळवायची कोरडी स्टिक उगाच पुसत होते. विमलनं फळीच्या आतून शकुनला घट्ट धरलं होतं. शकुन सुटायला बघत होती.

सहाव्या पानावर लाल पेन्सिल थांबली. गोल पडला.

"चुकलं," मास्तर म्हणाले. "उत्तर चार पायजे. इथं पाच छापलं."

बुधाजींचा हात थांबला. विमल फळीवरून पुढे वाकली. "हस्तलिखितात पाचच आहे, मास्तर. मी सोडवून पाहिलं, चार येतं. पण तुम्हाला न विचारता बदललं नाही. तुमच्या कागदाच्या समासात बारीक लिहून ठेवलंय."

मास्तरांनी हस्तलिखित ओढलं. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'चार? कृपया पाहावे.' त्यांनी मनाशी ओठ हलवत उदाहरण सोडवलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि गदगदून हसले.

"हे कोनं सोडवलं? नारायणरावांनी?"

"त्यायले पाढे येत नाईत," बुधाजी मध्येच म्हणाले. "वैनीनं. अन् हे एक्सही. मी सारे टांगले होते, त्यायनं खाली उतरवले."

"बी. एस्सी. का?"

"हो. अमरावतीची."

"मंग इतके दिवस फळीमागं काय करून राहिल्या बाई?" मास्तरांनी आपली कापडी पिशवी उघडली आणि बाकीचं सगळं हस्तलिखित, वीतभर उंचीचं, बुधाजींच्या पुढ्यात ठेवलं. "पुस्तक तुमचं. अन् साऱ्या उत्तरांची तपासणी या बाईंकडं. मले माह्याच उत्तरांचा आता भरोसा नाई. आना चहा."

विमल चहा ठेवायला आत वळली. मागून बुधाजींची हाक आली.

"वैनी, हे पाहा बरं. याच्यात आकड्यायवर छप्पर हाये!"

"वर्गमूळ आहे ते."

"याले छप्पर केवढं लांब द्याचं?"

"खाली जेवढे आकडे राहतील तेवढं."

"म्हंजे घरात मानसं वाढले का छप्पर वाढवा," बुधाजी म्हणाले आणि छपरासाठी पितळेची पट्टी कापायला करवत शोधू लागले.