थंड टाकीतले दोघे

“जीव हा जीवच असतो, मग तो टिंबाएवढा असो की डोंगराएवढा!” दादांनी जाहीर केलं आणि हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून भिंतीवरचं झुरळ जागच्या जागी आडवं केलं. मग गुंडाळी उलगडून राहिलेली बातमी वाचायला घेतली.

दादा म्हणजे समोर मशीनवर शिवत बसलेल्या बाईचे थोरले दीर. फ्रीज दुरुस्त करता करता केस पांढरे झालेले. त्यामुळे थंड वस्तूंच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत. आणि प्रश्न थंडच होता. काही वर्षांपूर्वी इस्पितळात उपचार घेऊन तिला मुलगी झाली, तेव्हा तयार झालेल्यांपैकी दोन भ्रूण तिथल्या टाकीत गोठवून ठेवलेले होते. दुसरं मूल नको, हे नवराबायकोचं ठरलं होतं. आता इस्पितळ विचारत होतं : ठेवायचे, नष्ट करायचे, की संशोधनाला द्यायचे? तिथे त्यांच्यातून मूळपेशी, म्हणजे शरीराचा कुठलाही भाग घडवू शकणाऱ्या पेशी, काढतात. त्यांच्यापासून पुढेमागे कुणाचा डोळा, कुणाचं काळीज सुधारता येईल, अशी आशा. पेशी काढल्या की भ्रूण मात्र उरत नाही.

ती कपडे दुरुस्तीचं काम करायची. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, “द्यायचे.”

“ठेवून दे की! थंडीत माल खराब होत नसतो. माझी हमी.”

“कशासाठी ठेवू, दादा? शोभेला?”

“अगं, आपल्या पोरीची भावंडं ती! त्यांची चिरफाड करवणार?”

मशीन थांबलं. टोला वर्मी बसला होता. हाच प्रश्न तिने स्वतःला इतक्यांदा विचारला होता, की तो आता घरच्या माणसासारखा दार न वाजवता आत यायचा.

“भावंडं झाली असती,” ती म्हणाली. “आता नाही होणार. नुसतं बर्फात ठेवायचं आणि जीव राखला म्हणायचं, हे मला नाही जमत.”

“तुझं काय मत रे?” दादांनी भावाला विचारलं.

“ती म्हणेल ते.” लग्नापासून त्याचं हे एकच मत होतं.

इस्पितळात दादाही आले. बोलावलं नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या आधी. डॉक्टरीणबाईंना त्यांनी थेट विचारलं, “यातून नक्की बरं कोण होणार? नाव सांगा.”

“सांगता येत नाही. कदाचित कुणीच नाही. शिकायला मिळेल, एवढंच.”

“ऐकलंस?” दादांचा चेहरा फुलला.

“ऐकलं. माझी मुलगी झाली, तेही आधी कुणीतरी असंच दिलं, त्यावर हे लोक शिकले, म्हणूनच ना?”

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

“घराण्याला विचारायची काही रीत असते!” दादा कडाडले.

“पोटात सुया टोचून घ्यायला घराणं आलं नव्हतं, दादा. मी एकटी होते. मी हे विकत नाही, फेकत नाही, देतेय. पाप असेल तर माझ्या नावावर. तुम्हाला त्यात वाटा नाही.”

“माझ्याही नावावर,” नवरा म्हणाला. हे त्याचं दुसरं मत. दादा भावाकडे बघतच राहिले.

“मग उद्या प्रयोगशाळेची गाडी येईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती उठली. पिशवी खांद्याला लावून ताठ मानेने दारापर्यंत गेली. तिथे थांबली आणि वळली.

“बाई, गाडीवाल्याला एक सांगाल? जरा हळू ने म्हणावं. बाहेरच्या वळणावर खड्डा आहे.”